विशच्या पुढे भूतकाळ का येतो

नौपाड्यात घरीच इंग्लिशच्या ट्यूशन घेते मी, आठवी ते दहावीची मुलं येतात. परवा एकाला वाक्य दिलं, आय विश अवर बिल्डिंग हॅड अ लिफ्ट. त्याने मराठीत लिहिलं, 'आमच्या बिल्डिंगला लिफ्ट होती.' आणि मग स्वतःच म्हणाला, टीचर पण आमच्याकडे कधीच नव्हती, आजी रोज तीन मजले चढते. मी विचारलं, चढताना आजी काय म्हणते रे? तर म्हणे, 'लिफ्ट असती तर किती बरं झालं असतं.' अरे मग हेच तर वाक्य आहे!

त्याला शाळेत सांगितलंय, विश आलं की पुढे पास्ट टेन्स, पाठ कर. याचा मला खरंच राग येतो. कारण 'हॅड' बघून पोरगं कालच्या गोष्टी शोधत बसतं आणि इथे कालचा काही संबंधच नाही, जे खरं नाहीये ते इंग्लिश एक पाऊल मागे सरकवून ठेवते, बस. आत्ताची गोष्ट खरी नसेल तर हॅड, न्यू, लिव्ह्ड, आणि कालचीच गोष्ट घडली नसेल तर अजून एक पाऊल मागे, हॅड नोन, हॅड कम. 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणतात तेव्हाही अजून कोणी उठलेलं नसतं. 'इफ आय वेअर यू' मधलं वेअर म्हणजे तर जुन्या इंग्लिशमध्ये अशा वाक्यांना क्रियापदाची वेगळी रूपं होती, ती झिजत गेली, त्यातलं उरलेलं.

आणि आपण तरी काय करतो? गोखले रोडवर दुकानात शिरलो की 'दादा, जरा तो शर्ट बघायचा होता' म्हणतो ना, बघायचा असतो आत्ताच, पण 'होता' म्हटलं की मागणं मऊ होतं. आय वॉन्टेड टू आस्क समजावायला अजून काय पाहिजे?

मराठी आड येते ती एका ठिकाणी, आणि तेही मराठीतूनच दाखवावं लागतं. 'मला माहीत असतं तर सांगितलं असतं', हे आपण आजबद्दल पण म्हणतो आणि गेल्या वर्षीबद्दल पण. इंग्लिशला तिथे दोन वाक्यं लागतात, इफ आय न्यू आय वुड टेल यू, आणि इफ आय हॅड नोन आय वुड हॅव टोल्ड यू. शिवाय आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असतं', म्हणून मुलं दोन्हीकडे वुड हॅव लावतात. त्या चुकीला लाल रेघ मारून काही होत नाही, ती कुठून आली ते दाखवलं की पुढच्या वेळी मूल स्वतःच थांबतं. वर्गात मराठी बोलू नका म्हणणाऱ्यांना हे कधी कळणार?

रविवारी त्याच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची मीटिंग आहे म्हणाला. मग लगेच होप शिकवलं, कारण आता ते होऊ शकतं, मागे जायचं कारण नाही. आय होप वी गेट अ लिफ्ट. दोन्ही वाक्यं त्याने एकाखाली एक लिहिली आणि म्हणाला, हे आजीला वाचून दाखवतो.