‘आमना घरमा कोनलेच नही’

आखाजीला लेकी माहेरी आल्या, नातवंडांचे फोटो निघाले आणि आमच्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरला: बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक म्हणजे फ्लॅशची करामत, घराण्यात कोणाला नसेल तर कॅन्सर असूच शकत नाही, मध घाला, ऑपरेशन केलं की कॅन्सर पसरतो.

फ्लॅशने बाहुली लाल दिसते, कारण उजेड मागच्या रक्ताळ पडद्यावरून परततो. पांढरी दिसली तर कधी तो कॅमेऱ्याच्या कोनाचा खेळ असतो, कधी मोतीबिंदू, आणि कधी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पंधरा-वीस हजार बाळांमागे एखाद्याला होणारा दृष्टिपटलाचा कॅन्सर. यातलं काय, हे थेंब घालून, बाहुली मोठी करून बघितल्यावरच कळतं.

‘आमना घरमा कोनलेच नही’ हे मात्र भल्याभल्यांना पटतं. तेराव्या गुणसूत्रावर आरबी१ नावाचं जनुक आहे. एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. पेशींच्या वाढीला ते आवर घालतं. कन्नड घाट उतरणाऱ्या ट्रकचा एक ब्रेक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही गेले की संपलं. अमेरिकी जनुकतज्ज्ञ आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदींवरून हेच ताडलं. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचा आजार लवकर उघड होत होता, कारण पहिला बिघाड ती जन्मतःच घेऊन आली होती. एकाच डोळ्यात गाठ असेल तर बहुतेकदा दोन्ही बिघाड त्या डोळ्यातल्या एकाच पेशीत, मागाहून झालेले असतात. तिथे घराण्याचा संबंधच नाही. जन्मजात बिघाडसुद्धा पुष्कळदा त्या बाळातच नव्याने आलेला असतो, आणि तोही बहुधा बापाकडच्या प्रतीत. (ग्रहणात विळी धरली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) अशा मुलाच्या पुढच्या प्रत्येक अपत्यात तो बिघाड उतरण्याची शक्यता मात्र निम्मी. म्हणून घराण्यात कोणी नसलं तरी जनुकाची तपासणी सुचवतात.

मध बाहुलीमागच्या गाठीपर्यंत पोचतच नाही.

‘पसरतो’ या भीतीला थोडा आधार आहे: गाठीत सुई घातली तर पेशी डोळ्याबाहेर सांडू शकतात, म्हणून इथे सहसा तुकडा काढून तपासत नाहीत. पण अख्खा डोळा काढणं वेगळं; त्यात गाठ आतल्या आत बंद राहून बाहेर येते. तीही वेळ प्रत्येकावर येत नाही. गाठ लहान असताना लेसर, अतिशीत उपचार आणि केमोने डोळा वाचवता येतो. थांबलात तर तीच गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकते.