लहान मुलांच्या शीबद्दल जरा मोकळेपणाने

पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी असल्यामुळे मला या विषयाची किळस उरलेली नाही. तुम्ही जेवता जेवता वाचत असाल तर पोस्ट सेव्ह करा आणि नंतर वाचा.

माझं स्पष्ट मत आहे. मुलांच्या पोटाच्या आणि स्वादुपिंडाच्या आजारांबद्दल आज जे कळलंय, त्यातलं बरंचसं कुणीतरी नाक न मुरडता मुलांची शी तपासली म्हणून कळलंय. आणि घरात निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपण तिकडे न बघताच फ्लश ओढतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं, पोट चाचपून हाताला लागत नाही. चरबी पचवणारं लायपेज तिथून येतं. ते नेहमीच्या साधारण दहा टक्क्यांच्या खाली घसरलं की चरबी न पचता तशीच बाहेर पडते. मग शी भरपूर होते, फिकट, तेलकट, पॉटला चिकटणारी आणि घरभर वास मारणारी. मूल खा खा खातं, पण अंगाला काही लागत नाही. यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचं निदान ठरलेलं असतं: जंत झालेत!

एके काळी डॉक्टरांचंही फार वेगळं नव्हतं. जुलाब होऊन खंगत जाणाऱ्या मुलांना सरसकट सीलिअ‍ॅक (आतड्याचा एक आजार) म्हणायचे. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजिस्ट डोरोथी अँडरसन यांना शवविच्छेदनात अशा मुलांचं स्वादुपिंडच खराब झालेलं दिसलं. त्यांनी जुन्या नोंदी उकरून काढल्या आणि 1938 मध्ये 49 मुलांचा अभ्यास मांडला. सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट, चिकट स्रावांमुळे स्वादुपिंड आणि फुप्फुसं बिघडवणारा जन्मजात आजार) हा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला तो तिथून. बाई नुसत्या समोरच्या केसवर थांबल्या असत्या तर? मला त्यांचं हे फायली उपसत बसणं फार आवडतं.

उरलेल्या खऱ्या सीलिअ‍ॅकमध्ये दोषी गहू आहे, हा संशय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना होता. पण संशय पुरत नाही, आकडा लागतो. त्यांचे सहकारी वान डी कामर यांनी शीमधली चरबी मोजायची पद्धत बसवली, ती 1949 मध्ये छापून आली. गहू दिला की चरबी वाढायची, बंद केला की उतरायची. वाद मिटला.

ही मोजणी पालकांसाठी मात्र शिक्षाच. तीन दिवस मुलाने किती चरबी खाल्ली ते लिहून ठेवायचं, आणि त्या तीन दिवसांची सगळी शी एका डब्यात साठवून तो डबा थंड ठेवायचा. पिशवीत पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी असा गुंडाळलेला डबा खिडकीतून आत सरकवून, नावसुद्धा न सांगता वळणारे बाबा मी पाहिलेत. अहो, थांबा, लेबल तर लावू द्या!

आता इलास्टेज या स्वादुपिंडातूनच येणाऱ्या दुसऱ्या पाचक एन्झाइमच्या तपासणीला चिमूटभर नमुना पुरतो. ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला की सहसा चिंता नसते. पचनासाठी दिलेल्या, प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असल्या तरी हरकत नाही, त्यातलं प्राण्यांचं इलास्टेज या चाचणीत मोजलं जात नाही. फक्त पाण्यासारख्या जुलाबाचा नमुना आणू नका. तो विरळ असल्यामुळे आकडा उगाच कमी येतो आणि घरात रडारड होते.

कॅप्सूलवरून आठवलं. जास्त ताकदीच्या कॅप्सूल आल्यावर 1994 मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या पाच मुलांचं मोठं आतडं आकसल्याचं छापलं. फक्त पाच मुलं, पण कुणीतरी लिहून ठेवलं. पुढे किलोमागे दिवसाला 10,000 युनिट लायपेजची मर्यादा आली. दुर्मिळ आजारात 'एवढ्याशा केसेसवरून काय ठरतं' असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा शीचा फारसा उपयोग नाही, तिथे रक्त आणि सोनोग्राफी लागते. वारंवार सूज येणाऱ्या मुलांमध्ये बरेचदा जनुकीय कारण सापडतं. त्यातलं पहिलं जनुक 1996 मध्ये हाती लागलं. एकेका हॉस्पिटलात अशी मुलं मोजकीच, त्यामुळे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदी एकत्र करणं हाच शहाणपणा.

पण सगळ्यात स्वस्त आणि हुशार संशोधन कुठलं विचाराल तर मी तैवानचं कार्ड सांगेन. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शी पांढुरकी होते, आणि त्यावरचं ऑपरेशन 60 दिवसांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त. तैवानने 2004 पासून देशभर आईच्या हाती शीच्या रंगांचं छापील कार्ड दिलं. रंग जुळवायचा, फिकट वाटला की फोन करायचा. वेळेत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. ना मशीन, ना सुई.

तेव्हा बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल किंवा शी खडूसारखी दिसत असेल, तर डायपरचा उजेडात फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या फोटोंनी मोबाइल नाहीतरी भरलेलाच असतो.