पुढची सीट घेऊ की?

परवा रात्री गल्लीतल्या एका पोराचा फोन. पहिल्यांदाच सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरला विमानानं चाललेला, आणि सीट निवडायच्या पानावर येऊन अडकलेला. "दादा, पुढची घेऊ की? जास्त पैसे मागाय लागलंय." म्हटलं, थांब. आधी विमान कुठलं ते बघ.

आपण बेळगावची माणसं. एसटी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आपला हात कुणी धरणार नाही. ऊन कुठल्या बाजूला येतंय, मागच्या चाकावर कंबर कशी मोडते, सगळं पाठ. पण विमानाचं तिकीट काढताना ही सगळी अक्कल घरात ठेवतो आणि "पुढची ती चांगली" म्हणून पैसे भरून मोकळे होतो.

मीही भरलेत. गेल्या वर्षी आईला घेऊन बेंगळूरला निघालो. तिचा पहिला विमानप्रवास, म्हणून हौसेनं पाचवी रांग, खिडकी. आत जाऊन बसलो आणि बघतो तर काचेबाहेर दीड हातावर भला मोठा पंखा. तो फिराय लागला तो बेंगळूरपर्यंत फिरला. आईनं कानावर पदर घेतला. "पैसं भरून पिठाच्या गिरणीत बसवलास की रे!" वर उतरायचं दार मागं. म्हणजे पुढच्या सीटचे जादा पैसे भरून आम्ही जवळजवळ शेवटी उतरलो.

चूक माझीच. ते एटीआर 72 होतं, पंख्याचं विमान. त्यात पायलटच्या मागं सामानाची खोली असते आणि प्रवाशांचं दार शेपटीकडं. त्यामुळं मागं बसलेला आधी उतरतो. पंख्याच्या रेषेतल्या रांगांत आवाज सगळ्यात जास्त, मागं तो बराच कमी. शेपूट जरा डुलते, खरं आहे, पण तासा-दीड तासाचा प्रश्न. दोन्हीकडं दोन-दोनच सीटा, मधे चेंगरून बसायची भानगड नाही. आणि पंख छताला असल्यामुळं खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. मलप्रभेचं पात्र, काळ्या रानांचे तुकडे. मधल्या रांगांतून तर चाकं पोटात जातानाही दिसतात. पोरं असतील तर तिथं बसवा, गिरणी त्यांना चालते.

आता याच्या बरोबर उलट 50 सीटांचं एम्ब्रेयर 145. त्याची इंजिनं शेपटीला, दार पुढं. इथं मात्र पुढचीच घ्यायची. डावीकडं एकेकटी सीट असते, खिडकीही तुमची आणि वाटही तुमची. माझ्या मते हिच्याइतकी चांगली सीट साध्या तिकिटात दुसरी नाही.

मोठ्या एअरबस 320 मध्ये तीन-तीन. पोटात ढवळत असेल तर पंखाजवळ बसा, तिथं हेलकावे कमी, पण खाली बघितलं की नुसता पत्रा. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय ऐसपैस पसरतात, मात्र म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना ती देत नाहीत. शेवटची रांग सहसा मागं कलत नाही, वर शौचालयाची रांग तुमच्या खांद्याला घासत उभी. ती फुकट दिली तरी नको.

उन्हाचं एक सांगतो. बेंगळूर आपल्या आग्नेयेला. सकाळी जाताना ऊन डावीकडं आणि संध्याकाळी येताना तोंड फिरलं तरी परत डावीकडंच. झोपायचं असेल तर दोन्ही वेळा उजवी बाजू.

आणि पैशाचं. एका ॲपवर सीटचे दर असे मांडलेले की निवडल्याशिवाय तिकीटच मिळणार नाही असं वाटावं. "सीट न निवडता पुढे" हे खाली, बारीक, फिक्या अक्षरात. मला तर याचाच राग जास्त येतो. न निवडता चेक-इन केलं तर उरलेल्यातली एक सीट मिळतेच. बारा वर्षांपर्यंतच्या पोराला एकाच बुकिंगवर आई-बापापैकी एकाच्या शेजारी बसवावं, असं डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय. तेव्हा पोरं वेगळी पडतील या भीतीनं पैसे भरू नका.

पोराचं विमान एटीआरच निघालं. त्यानं शेवटी 18वी रांग घेतली, उजवीकडची खिडकी. पाच मिनिटांत परत फोन. "दादा, ट्रॉली बॅग वर मावंल न्हवं?"

एटीआरचे वरचे कप्पे लहान. बॅग दारातच काढून घेतील, म्हटलं. कुंद्याचा डबा तेवढा आधी बाहेर काढून हातात धर.