साडेसहा हजारांचा दांडा

घट बसायला पंधरा दिवस राहिलेत. माळ्यावरची पांघरुणं खाली उतरायला लागलीत, पंचगंगेच्या घाटावर धुण्याची गर्दी सुरू झालीय आणि या आठवड्यात मला चौथा फोन आला, "तुझ्याकडं तो वाफेचा मॉप आहे न्हवं? घेऊ का गं?" प्रत्येकीला फोनवर अर्धं-अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी उत्तर. तुमच्यातल्या बहुतेकींनी घेऊ नये. आमचा मात्र मी विकणार नाही. आता हे दोन्ही एकाच वेळी कसं, त्यासाठी खालचं सगळं वाचा.

गेल्या मार्गशीर्षात केर-फरशीच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला वीस-बावीस दिवस गावी गेल्या. मी सकाळी आठला लॅबमध्ये, नवरा त्याच्या कामावर, मुलगी कॉलेजात. म्हणजे फरशी कोण पुसणार, तर आई. आमच्या सासूबाई. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि "पुसल्याबिगर मला जेवण जात नाही" हा हट्ट. एक दिवस घरी आले तर आई पोतेरं हातात धरून सोफ्याला टेकून बसलेल्या. खाली बसल्या होत्या, उठता येईना. त्या रात्री मी मोबाईलवर मॉप शोधायला लागले आणि एकदा शोधलं की पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चार दिवस फोन उघडला की पांढऱ्या फरशीवर पांढरे मोजे घातलेली बाई वाफ सोडतेय. त्या जाहिरातीतल्या फरशीवर मुळात घाण नसतेच, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. साडेसहा हजार रुपये भरले. कंपनीचं नाव विचारू नका. आत सगळ्यांच्या एकच गोष्ट आहे: पाण्याची छोटी टाकी, पाणी तापवणारी कॉइल, खाली मायक्रोफायबरचा पॅड आणि वर लांब दांडा.

आमच्या मॉपची टाकी साडेतीनशे मिलीची. कॉइल १३०० वॉटची. अर्ध्या मिनिटात वाफ सुरू होते आणि पंधरा-सोळा मिनिटं पुरते. एक लिटर पाण्याची वाफ केली तर ती सोळाशे लिटरहून जास्त जागा व्यापते, म्हणून एवढंसं पाणी अख्ख्या हॉलला पुरतं. बादलीनं पुसताना आपण आठ-दहा लिटर पाणी नाचवतो. हा फरक खरा आहे आणि पावसाळ्यात तो फार जाणवतो. आषाढ-श्रावणात आमच्याकडं पुसलेली फरशी तासभर वाळत नाही, त्यावर कुणीतरी चप्पल घालून जातं आणि मग घरात भांडण होतं. वाफेनं पुसली की चार-पाच मिनिटांत पाय ठेवायचा. याबद्दल मी मॉपला पूर्ण गुण देते.

पण पहिल्याच दिवशी जे अडलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. प्लग. १३०० वॉट म्हणजे साडेपाच अँपिअरच्या वर. आपल्या भिंतीवरचे साधे लहान सॉकेट सहा अँपिअरचे, म्हणजे अगदी काठावर. बाजारात १५०० वॉटचे मॉपही आहेत, ते तर काठाच्या पलीकडे. पॉवर प्लग घरात कुठं असतो? फ्रीजमागं, वॉशिंग मशीनजवळ, गिझरला आणि असला तर एसीला. हॉलमध्ये एकही नाही. मॉपची वायर पाच मीटर. मी आपली टीव्हीची एक्स्टेन्शन ओढली आणि पुसायला लागले. दहा मिनिटांनी त्या बोर्डाला हात लावला तर चांगलाच तापलेला. शेवटी वायरमनला बोलावून हॉलमध्ये सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. त्याचे नऊशे रुपये मॉपच्या किमतीत धरा.

आता मुख्य दावा. "९९.९ टक्के जंतू मरतात." माझं आयुष्य लॅबमध्ये गेलंय, त्यामुळं यावर मला बोलायचा थोडा हक्क आहे. आमच्याकडं वाफेनंच निर्जंतुक करतात, ऑटोक्लेव्हमध्ये. म्हणजे मोठा प्रेशर कुकर समजा. त्यात पंधरा पौंड दाब, १२१ अंश तापमान आणि तसं किमान पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! झाकण बंद करून, वाफ कोंडून. आणि मॉप? उघड्यावरची वाफ, तीही पॅडच्या कापडातून गाळून आलेली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं आपल्याकडं उघडं पाणी ९८ अंशालाच उकळतं. ते असू दे, दोन अंशांनी काही बिघडत नाही. पण गार फरशीला लागेपर्यंत त्या वाफेचं तापमान आणखी उतरतं, आणि आपण तो पॅड एका जागी एक सेकंदसुद्धा ठेवत नाही, सरसर पुढं नेतो. उष्णतेनं जंतू मरतात हे खरं, पण उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात असतंच, एका जागी अमुक इतके सेकंद धरा म्हणून. तसं धरून अख्खा हॉल पुसायचा म्हटलं तर टाकी चार वेळा भरावी लागेल आणि लॅबला रजा टाकावी लागेल. (फरशीवरून बोळ्यानं नमुना घेऊन लॅबच्या प्लेटमध्ये किती जंतू वाढतात ते बघायचा मोह झाला होता. पण लॅबचं सामान घरच्या हौसेसाठी वापरायचं नसतं.)

शिवाय घरच्या फरशीला ऑटोक्लेव्ह हवाय कशाला? तिथं कुणाचं ऑपरेशन होत नाही. धूळ, पायाची माती, सांडलेलं ताक पुसून निघालं की त्याबरोबर बरेचसे जंतूही निघून जातात. ते मारून तिथंच ठेवण्यापेक्षा उचलून नेणं महत्त्वाचं. आणि उचलण्याचं काम वाफ करत नाही, कापड करतं.

इथंच मला शंका आली. मग एका रविवारी मी सोफ्याच्या रेषेत हॉलचे दोन भाग केले. खिडकीकडचा भाग वाफेनं पुसला. दाराकडचा भाग त्याच मॉपनं, पण वायर काढून, दुसरा पॅड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळून लावला आणि पुसला. मग घरच्यांना बोलावलं आणि विचारलं, कुठली बाजू वाफेची? नवऱ्यानं मोठ्या आत्मविश्वासानं दाराकडं बोट दाखवलं. म्हणे, "चमक दिसती की." मुलीनं मोबाईलमधून डोकं वर न काढता "सेम" म्हटलं. आई दोन्हीकडं अनवाणी चालल्या आणि म्हणाल्या, "ही वाळलीय, ती अजून दमट हाय. बाकी काय फरक न्हाई." पॅड उलटे करून बघितले. दोन्ही सारखेच काळे.

म्हणजे आम्हाला जे आवडलं होतं ते वाफ नव्हतं. ते चांगलं कापड आणि उभ्यानं पुसायला दांडा होता. आईंना खाली बसावं लागत नव्हतं, एवढ्यावर सगळं घर खूश होतं. आणि मायक्रोफायबरचा सपाट मॉप, दांड्यासकट, महाद्वार रोडवर पाचशे-सहाशेला मिळतो. वजनालाही हलका. आमचा वाफेचा भरल्यावर तीन किलोच्या घरात जातो, तो सोफ्याखाली घालताना आईंचा गुडघा वाचतो पण खांदा दुखतो.

एवढं झाल्यावर वाफेच्या बाजूनंही बोलते, नाहीतर अन्याय होईल. चिकट गोष्टींवर तिला तोड नाही. संक्रांतीला गुळाचा पाक ओट्यावरून फरशीवर ओघळला आणि तसाच वाळला. आपल्या कोल्हापुरी गुळाची चिक्की फरशीवर म्हणजे दगडच. वाफ धरली, दहा-बारा सेकंदांत लोण्यासारखा सुटला. वाळलेला चहा, मुलांनी चिकटवलेले स्टिकर, बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी, तिथंही छान. नवऱ्याला फिनेलच्या वासानं शिंका येतात, त्यालाही आराम पडला. पण तेलाचं उलटं. रविवारी तांबड्या रश्शाची फोडणी झाली की गॅसपुढच्या फरशीवर तेलाचा बारीक थर बसतो. वाफेनं ते तेल पातळ होतं आणि पॅडबरोबर दोन फूट लांब पसरतं. तेलाला साबणच पाहिजे. हळदीचा डाग तर वाफेला अजिबात दाद देत नाही, तो उन्हानंच उडतो. आणि टाकीत फिनेल किंवा साबण घालू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी "वास यावा म्हणून" झाकणभर घातलं, तर आतली नळी चोंदली.

आता फरशी कुठली, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यांना वाफेनं काही होत नाही. पण शिवाजी पेठेतलं सासरचं जुनं घर शहाबादी फरशीचं. हा दगड कर्नाटकातल्या शहाबादकडून येणारा चुनखडीचा, पाणी शोषणारा. पन्नास-साठ वर्षं हातानं पुसून पुसून त्याला जी निळसर गुळगुळीत झाक आलीय ती वाफेवर सोडायला आईंनी साफ नकार दिला, आणि मला तो पटला. तसंही त्या फरश्या कुठं एका पातळीत असतात? सपाट पॅड खाचांवरून तसाच निघून जातो. मार्बलला पॉलिश केलं असेल तर ते उतरायची भीती. लाकडी किंवा लॅमिनेट फरशी असेल तर सांध्यांतून वाफ आत जाऊन फुगते, तिथं विचारही नको. आणि शेणानं सारवलेली जमीन... हे मी लिहीत नव्हते, पण चौथ्या फोनवालीनं गावाकडच्या घरासाठीही विचारलं होतं!

पाण्याचं एक राहिलं. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी मी बिनधास्त बोअरचं पाणी टाकीत भरायचे. चौथ्या महिन्यात वाफ कमी, थुंकी जास्त असा प्रकार सुरू झाला. फरशीवर पांढरे शिंतोडे. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "बदली पार्ट लागेल, अठराशे." मग नवऱ्यानं तो उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडं नेला. त्यांनी खोललाही नाही. नुसता हलवून बघितला आणि विचारलं, "बोअरचं घालताय काय?" लिंबूसत्वाचं पाणी करून टाकीत भरायला सांगितलं, तासभर ठेवून ओतून टाकायचं, मग दोन वेळा साध्या पाण्याची वाफ काढायची. चहाच्या किटलीला जो पांढरा थर बसतो तोच हा, आंबट घातलं की विरघळतो. दहा रुपयांत काम झालं. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला तो वेगळाच. तेव्हापासून टाकीत फक्त फिल्टरचं पाणी.

विजेची भीती मात्र घालून घेऊ नका. रोज अर्धा तास चालवला तर महिन्याला वीसएक युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी दोनशेच्या आत.

मावशी परत आल्यावर त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवला. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "ताई, पाणी बी हाय आणि करंट बी हाय. ह्यो माज्या हातात देऊ नगासा." वाफेनं भाजतंही वाईट, उकळत्या पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळं त्यांची भीती काही खोटी नव्हती. पण मी बिनवाफेचा साधा मॉप आणल्यावर त्यांनी आधी नाक मुरडलं, "उभ्यानं पुसलं की कोपरा दिसत न्हाई," आणि चौथ्या दिवशी तोच घेऊन कामाला लागल्या. त्या रोज पाच घरी उकिडव्या बसून फरशी पुसतात. त्यांचं वय साठ. आईंच्या गुडघ्यांसाठी मी साडेसहा हजार घातले आणि या गुडघ्यांचा विचार मला सहाशेचा मॉप आणेपर्यंत सुचला नव्हता. आता बाकीच्या चार घरांपैकी दोघींनी तसा मॉप आणलाय.

आणखी एक. काही जण पुरासाठी म्हणून विचारतात. २०१९ ला आणि २०२१ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या नातेवाइकांचं घर आम्ही सगळ्यांनी मिळून धुतलंय. त्या चिखलाला खोरं लागतं, मोठा पाइप लागतो, खराटा, वायपर आणि ब्लिचिंग पावडर लागते. तिथं हा मॉप म्हणजे खेळणं. आणि पाणी शिरलेल्या घरात विजेचं काही लावायचं नसतंच.

मग घ्यावा कुणी? घरात रांगणारं बाळ आहे आणि फिनेल नको वाटतंय, फरशी टाइल्सची आहे, पावसाळ्यात वाळत नाही, हॉलमध्ये पॉवर प्लग आहे आणि सात हजार गेल्याचं दुःख होणार नाही, अशांनी खुशाल घ्या. वापराल. यातलं एखादंच लागू असेल तर सहाशेचा मॉप, दोन जादा पॅड आणि उरलेल्या पैशांत नवरात्राची साडी. पॅड धुताना कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नका, त्यानं मायक्रोफायबरची पाणी ओढायची ताकद जाते.

आमचा आता आठवड्यातून एकदा निघतो, बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या फटींसाठी. बाकी दिवस बाल्कनीत उभा असतो. ज्यांना अजूनही घ्यावासा वाटतोय त्यांनी आधी आमचा दोन दिवस घेऊन जा. अटी दोनच, बोअरचं पाणी घालायचं नाही आणि पॅड धुऊन परत द्यायचा. सध्या नंबर लागलेत, घट बसायच्या आधी मंगळवार आणि शुक्रवार एवढेच मोकळे आहेत. न्यायला येण्याआधी घरात पॉवर प्लग कुठं आहे ते बघून या.