चिनी विद्यार्थी, इंग्रजी व्याकरण आणि भाषांतराचा सराव : एक प्रतिवाद

चीनमधील विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीविषयी एक मत बरेच दिवस फिरते आहे, आणि भाषा शिकवणारी मंडळीही ते फारसे न तपासता पुढे पाठवतात. त्याचा आशय असा : चिनी भाषेला व्याकरणच नाही, त्यामुळे या विद्यार्थ्यांना व्याकरण ही कल्पनाच परकी असते, त्यांच्या इंग्रजीतल्या चुका मनातल्या मनात भाषांतर केल्यामुळे होतात, म्हणून वर्गातले भाषांतर बंद करावे आणि त्यांना 'इंग्रजीतच विचार करा' असे सांगावे, शिवाय आता यंत्र भाषांतर करून देते, तेव्हा तो सराव हवाच कशाला? यातले पहिले विधान साफ चुकीचे आहे, दुसरे अर्धसत्य आहे, आणि उरलेली दोन त्या अर्धसत्यावर उभी आहेत.

'व्याकरण नाही' यापासून सुरुवात करू. चिनी क्रियापद काळ, पुरुष आणि वचन यांनुसार रूप बदलत नाही आणि नामाला विभक्तिप्रत्यय लागत नाहीत, हे खरे आहे. पण रूपे बदलत नाहीत म्हणून नियम नाहीत, असे होत नाही. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात, कारण कोणी कोणाला मारले हे प्रत्यय सांगतात. चिनीत ते काम शब्दांच्या क्रमाला करावे लागते, म्हणून दोन नावांची अदलाबदल केली की मारणारा आणि मरणाराही बदलतो. या भाषेचे पद्धतशीर व्याकरण मा ज्येनचोंग यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि बोलीभाषेचे युएन रेन चाओ यांनी लिहिलेले विस्तृत व्याकरण १९६८ मध्ये आले. म्हणजे नियम आहेत की नाहीत हा वाद अभ्यासकांच्या लेखी केव्हाच संपलेला आहे.

काळाचे प्रत्यय नसले तरी क्रिया पूर्ण झाली, चालू आहे की पूर्वी कधीतरी अनुभवून झाली, हे चिनी भाषा काटेकोरपणे सांगते. 'ता छ्यु ल पेइजिंग' म्हणजे तो पेइजिंगला गेला. 'ता छ्यु ग्वो पेइजिंग' म्हणजे तो पूर्वी पेइजिंगला जाऊन आलेला आहे. 'हॅज गॉन टू' आणि 'हॅज बीन टू' यांतला फरक शिकवताना इंग्रजीचे शिक्षक घाम गाळतात, आणि तो फरक चिनी विद्यार्थ्याच्या तोंडी लहानपणापासून 'ल' आणि 'ग्वो' यांच्या रूपाने असतो. सगळ्याच ठिकाणी हा मेळ इतका सरळ बसत नाही. मात्र ही दोन वाक्ये शेजारी लिहून त्यांचे भाषांतर करून घेतले, तर नियमांच्या चार पानांपेक्षा अधिक काम होते. ज्या शिक्षकाला चिनी भाषेत व्याकरण दिसतच नाही, त्याच्या हातून हे साधन सुरुवातीलाच निसटते.

याच गैरसमजाचा एक विद्वत्तापूर्ण अवतारही होऊन गेला. इंग्रजीतल्यासारखी 'असे झाले असते तर' ही खास क्रियापदरूपे चिनीत नाहीत, म्हणून चिनी भाषकांना न घडलेल्या गोष्टींचा विचार करणे जड जाते, असा दावा आल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये केला. दोन वर्षांनी टेरी आउ यांनी तशाच गोष्टी ओघवत्या, स्वाभाविक चिनीत लिहून हाँगकाँगमधील चिनी भाषकांना वाचायला दिल्या, तेव्हा ती अडचण जवळजवळ नाहीशी झाली. ब्लूम यांच्या गोष्टींची चिनी अवघडलेली होती, हा आउ यांचा मुख्य आक्षेप होता. एका समाजाच्या विचारशक्तीवर निष्कर्ष निघाला होता, आणि दोष निघाला भाषांतराच्या दर्जात! भाषांतर नीट शिकवणे का महत्त्वाचे आहे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता चुकांकडे वळू. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट आउट' असे वाक्य चिनी विद्यार्थी हमखास लिहितो, कारण त्याच्या भाषेत 'स्वेरान' (जरी) आले की मागोमाग 'दानश' (पण) येते; इंग्रजीत 'ऑल्दो' आले की 'बट' येत नाही. मराठी माणसाला यात परके काहीच वाटणार नाही : आपणही 'जरी' म्हटले की 'तरी' म्हणतो, आणि आपली मुलेही इंग्रजीत हीच चूक करतात. तेव्हा मातृभाषेची छाप पडते, हे मला मान्य आहे. पण ही छाप भाषांतरामुळे पडते, हे मान्य नाही. थेट इंग्रजीत निबंध लिहितानाही तीच चूक होते, बोलतानाही होते. 'ही' आणि 'शी' यांची गफलत तर मुख्यतः बोलताना होते, कारण 'तो' आणि 'ती' यांसाठी चिनीत अक्षरे वेगळी असली तरी उच्चार एकच, 'ता', असा आहे. भाषांतराच्या वहीत चूक पकडली जाते म्हणून ती तिथे जन्मली, असे म्हणणे म्हणजे ज्वराचा दोष तापमापकावर टाकणे होय.

'अ' आणि 'द' या उपपदांचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. चिनीत उपपदे नाहीत, म्हणून हा विषय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे सरसकट सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की 'खरन लाय ल' म्हणजे ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले, आणि शब्द फिरवून 'लाय खरन ल' म्हटले की कोणीतरी पाहुणे आले आहेत. जो पाहुणा ऐकणाऱ्याला ठाऊक आहे तो क्रियापदाच्या आधी येतो, जो नवा आहे तो नंतर. म्हणजे 'द गेस्ट' आणि 'अ गेस्ट' यांमागची जाणीव विद्यार्थ्यापाशी आहे. ती त्याच्या भाषेत शब्दक्रमात राहते आणि इंग्रजीत एका लहानशा शब्दात. यामुळे इंग्रजी उपपदे एका दिवसात आत्मसात होत नाहीत, हे उघड आहे. त्यांचे बरेच प्रयोग रूढीने ठरलेले असतात. पण दार कुठे आहे ते तरी कळते, आणि ते कळण्यासाठी दोन भाषा समोरासमोर ठेवाव्याच लागतात.

विद्यापीठाच्या पातळीवर खरी अडचण मात्र उपपदांची नाही, वाक्यबांधणीची आहे, आणि तिच्याविषयी या मतात एक अक्षर नाही. चिनी गद्यात स्वल्पविरामाने जोडलेली छोटी विधाने एकामागून एक येतात : पाऊस आला, रस्ते निसरडे, गाड्या वेगाने जायला धजत नाहीत. त्यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे असते. विद्यार्थी हेच इंग्रजीत तीन तुकड्यांनी आणि दोन स्वल्पविरामांनी लिहितो आणि त्याचे वाक्य चुकीचे ठरते. इथे त्याला 'काळ सांभाळ' असे सांगून काही साधत नाही. त्याला ठरवावे लागते की मुख्य विधान कोणते, गौण कोणते, कर्ता कोण आणि दुवा कोणता; मग 'पावसाने रस्ते इतके निसरडे झाले की कोणी वेगाने गाडी चालवायला धजेना' या घडणीचे इंग्रजी वाक्य तयार होते. मोकळा निबंध लिहिताना हा निर्णय टाळता येतो, कारण जे जमत नाही ते न लिहिण्याची मुभा असते. भाषांतरात ती मुभा नसते, आणि सरावाचे बळ नेमके तिथेच आहे.

चिनी परीक्षापद्धतीवर टीकाकार बोट ठेवतात, त्यात काही अंशी तथ्य आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'कॉलेज इंग्लिश टेस्ट' या विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय इंग्रजी परीक्षेच्या चौथ्या पातळीत पूर्वी भाषांतर म्हणजे अर्धवट इंग्रजी वाक्य पूर्ण करणे होते. डिसेंबर २०१३ पासून १४० ते १६० चिनी अक्षरांचा सलग उतारा ३० मिनिटांत इंग्रजीत आणावा लागतो आणि त्याला १५ टक्के गुण असतात. सहाव्या पातळीत उतारा १८० ते २०० अक्षरांचा असतो. विषय चिनी इतिहास, संस्कृती, अर्थव्यवस्था आणि समाज यांतले. परिणामी सण, खाद्यपदार्थ आणि राजघराणी यांच्या इंग्रजी नावांच्या याद्या पाठ करण्याची लाट आली, आणि ती मला मुळीच पसंत नाही. परंतु दोष याद्यांचा आहे. सलग उताऱ्यात वाक्ये जोडावीच लागतात, म्हणून हा बदल योग्य दिशेचाच होता.

'इंग्रजीत विचार करा' हा उपदेश आपल्याकडेही ऐकू येतो, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या महाराष्ट्रात. त्याची अडचण अशी की मन ते आज्ञेवरून करत नाही. गिलॉम थिएरी आणि यान जिंग वू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी उत्तम येणारे चिनी भाषक केवळ इंग्रजी शब्दांच्या जोड्या वाचत होते. 'ट्रेन' आणि 'हॅम' यांचा अर्थाने संबंध नाही, पण चिनीत 'हुओछ' आणि 'हुओथ्वेइ' यांत पहिले अक्षर समान आहे. त्या व्यक्तींच्या नकळत त्यांच्या मेंदूच्या विद्युत प्रतिसादात या लपलेल्या साम्याचा ठसा उमटला. इंग्रजी सफाईने वाचणाऱ्यांच्या मनातही चिनी जागी असते. तर विद्यार्थ्याच्या मनातून ती घालवण्याचा आग्रह धरून फक्त अपराधीपणा पदरी पडतो. चीनने २०१८ मध्ये आणलेल्या इंग्रजी क्षमतेच्या राष्ट्रीय निकषांत लेखी आणि मौखिक भाषांतराला स्वतंत्र श्रेणी दिल्या, ही त्यामुळे समंजस गोष्ट आहे.

राहिले यंत्र. 'फंग्यौ लाय ल' या वाक्यात मित्र एक की अनेक, मैत्रीण की मित्र, यांतले काहीही चिनीत शब्दाने सांगितलेले नाही. इंग्रजीत मित्र एक की अनेक हे सांगावेच लागते, आणि पुढे 'ही' किंवा 'शी' म्हणायचे तर लिंगही. यंत्र एक पर्याय निवडते आणि निवड केल्याचे सांगत नाही. तो पर्याय मागच्या-पुढच्या मजकुराशी जुळतो की नाही, हे ओळखायला तोच विद्यार्थी लागतो ज्याने असे निर्णय स्वतः शेकडो वेळा घेतलेले आहेत. म्हणून यंत्राने केलेले भाषांतर आणि मूळ चिनी परिच्छेद शेजारी ठेवून, यंत्राने कुठे कर्ता पदरचा घातला, कुठे वचन ठरवले आणि कुठे स्वल्पविरामाच्या जागी कारण लिहिले, त्या प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने खूण करायला लावावी आणि मग तो परिच्छेद विद्यार्थ्याकडून पुन्हा लिहून घ्यावा.