घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

लग्नसराई उरकली, आषाढ लागला की आमच्या धंद्यातल्या मोबाइलवर दरवर्षी एक मेसेज उगवतो. कळव्यापासून पनवेलपर्यंत वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर तो यंदाही फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "घोडा शेपूट घासतो म्हणजे 100 टक्के पोटात जंत. तपासणीत पैसे घालवू नका. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनची ट्यूब दर पंधरा दिवसांनी, तीनदा द्या. गुरांचं इंजेक्शनही चालतं. शेपटीच्या मुळाशी रॉकेल चोळा, रोज वाटीभर लसूण चारा. शेणात जंत दिसला नाही आणि तरी घासतोच, तर ती खोड समजा, शेपूट बांधून ठेवा." खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

घोडा शेण टाकत नाही, लीद टाकतो. लिहिणाऱ्यानं तबेल्यात कधी झाडू धरलेला नाही, हे तिथंच ओळखायला हवं होतं. मी ओळखलं नाही. दोन वर्षांपूर्वी हाच मेसेज मी चार जणांना पाठवला आणि स्वतःच्या जनावरांवर करूनही पाहिला. म्हणून हे लिहितोय.

आमचा तबेला ठाण्यात बाळकुमला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. त्या पावसाळ्यात दोन जनावरं एकदमच घासायला लागली. चांदणी, चौदा वर्षांची पांढरी घोडी, आणि सुलतान, जेमतेम तीन वर्षांचा. वरातीच्या घोडीला शेपूट म्हणजे नवरीचा अंबाडा. मुळाशी केस तुटून कुंचा झाला की गजरे माळायचे कुठं? दोघांनाही ट्यूब दिली. तीनदा. खांब झिजला, खाज गेली नाही.

मग डॉक्टर आले. जनावराला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "घासते कधी?" मला सांगता येईना. दिवसातून चारदा खरारा करणाऱ्या आमच्या मोतद्दारालाही सांगता येईना. "दोन दिवस नुसतं बघा, मग बोलवा," म्हणून डॉक्टर उलट पावली निघाले. फी घेतली नाही, उलट मलाच लाजल्यासारखं झालं.

दोन दिवस बघितलं तेव्हा "100 टक्के जंत" ही भानगड उलगडायला लागली. सुलतान दिवसातून कधीही, अगदी भर दुपारीसुद्धा, फक्त ढुंगण खांबाला लावून घासायचा. चांदणीचं तसं नव्हतं. दिवेलागणीला सुरू, रात्री जरा शांत, पहाटे पुन्हा. आणि नुसती शेपूट नव्हे. आयाळीच्या मुळाशी केस झडलेले, पोटाखाली मधल्या रेषेवर खपल्या, कातडीला वळकट्या. एकाच छपराखाली, एकाच महिन्यात, एकाच खांबावर दोन वेगळे आजार चालू होते.

चांदणीला चावत होती चिलटं. डास नव्हेत, क्युलिकॉइडीस जातीची, एक ते तीन मिलिमीटरची. ओल्या, कुजक्या मातीत ती वाढतात. खाडीकाठचा चिखल आणि आमचा लिदीचा उकिरडा, त्यांना आणखी काय हवं? त्यांच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते. म्हणून दहा घोडे शेजारी उभे असले तरी खाजवतो एखादाच, आणि सहसा वर्षागणिक जास्तच. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की कमी होतं, मग मेसेजवाला म्हणतो, बघा, ट्यूबनं गुण आला. आला तो कार्तिकानं.

यावर उपाय ट्यूबमध्ये नाही, घड्याळात आहे. दिवस मावळायच्या आधी घोडी आत घ्यायची, चांगलं उजाडल्यावर बाहेर काढायची. ही चिलटं उडायला कमजोर असतात, म्हणून तबेल्यात मोठा पंखा लावला की बराच फरक पडतो. साधी मच्छरदाणी निरुपयोगी, तिच्या भोकांतून ती आरामात आत येतात. जाळी बारीकच लागते. लीद रोज लांब टाकायची. खाज फारच असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण त्यानं काही घोड्यांच्या खुरांना सूज येऊन ते लंगडे पडू शकतात. तेव्हा ते मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नव्हे.

सुलतानला मात्र खरंच जंत निघाले. म्हणजे मेसेज बरोबर? निम्मासुद्धा नाही. घोड्याच्या पोटात जंतांच्या कितीतरी जाती असतात, पण शेपूट घासायला लावणारा मुख्यतः एकच: पिनवर्म, ऑक्सियुरिस इक्वाय. मोठ्या आतड्यात राहतो. मादी चांगली बोटाएवढी लांब होते, शेपटीकडे सुईसारखी निमुळती. अंडी घालायला ती गुदद्वारातून बाहेर येते, भोवतीच्या कातडीवर चिकट द्रावात हजारो अंडी चिकटवते. तो द्राव वाळला की खाज. शेपटीखाली पिवळट-राखाडी पापुद्रा दिसतो, आम्ही तो घामाचा मळ समजून पुसत होतो.

आता मेसेजमधलं "शेणात दिसला नाही" हे वाक्य घ्या. अंडी कातडीवर घातली जातात, त्यामुळे लिदीच्या तपासणीत ती बहुतेक वेळा सापडतच नाहीत. लीद स्वच्छ आली म्हणून पिनवर्म नाही, असं म्हणणं म्हणजे पागोळीखाली बादली न ठेवता पाऊस पडला नाही म्हणणं. तपासणी आहे, आणि तिला खर्च सेलोटेपचा. सकाळी, अंग धुवायच्या आधी, पारदर्शक टेपचे तीनचार तुकडे गुदद्वाराभोवती आणि शेपटीच्या खालच्या बाजूला दाबायचे आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून डॉक्टरकडे द्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं ओळखू येतं: लांबट, एका बाजूनं चपटं, एका टोकाला झाकण. पहिल्या दिवशी नाही सापडलं तर आणखी दोन दिवस. आमच्या पट्ट्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. 1886 सालापासून उभी असलेली ही संस्था लोकलनं तासाभरावर, आणि मी जनावरांना तीन-तीन ट्यूबा पाजून बसलो होतो.

"दर पंधरा दिवसांनी तीनदा" हा हिशेब कुठून आला देव जाणे. पिनवर्मचं चक्र साधारण पाच महिन्यांचं. शिवाय आयव्हरमेक्टिनला हा जंत दाद देत नसल्याच्या नोंदी अनेक देशांतून आहेत. म्हणून डॉक्टरांनी सुलतानला वजन अंदाजून दुसऱ्या गटातलं औषध दिलं, फेनबेंडाझोल. उगाच ट्यूबा देत राहिलं तर पोटातले बाकीचे जंत तेवढे निर्ढावतात. आणि नुसतं औषध पुरत नाही. खाली पडलेली अंडी चारपाच दिवसांत लागण करण्याइतकी तयार होतात, घोडा तोबरा चाटतो, भिंत चाटतो, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या मोतद्दाराचा खरा उपचार हा होता: रोज शेपटीखाली ओल्या कापडानं पुसणं, ते कापड जाळून टाकणं, गव्हाण आणि तो खांब घासून धुणं. एकाचं कापड दुसऱ्याला लावायचं नाही. कंटाळवाणं काम, म्हणूनच मेसेजमध्ये नाही.

गुरांच्या इंजेक्शनबद्दल मात्र गंमत नको. आयव्हरमेक्टिन टोचल्यावर त्या जागी भयानक संसर्ग होऊन घोडे दगावल्याच्या नोंदी आहेत. घोड्याला ते तोंडावाटेच देतात. याच माळेतला दुसरा मणी म्हणजे गोचिडीवरचं गुरांचं औषध, अमिट्राझ. गाईला चालतं, घोड्याची आतडी थंडावतात, पोट तटतं, पोटशूळ उठतो. गोठेवाला शेजारी प्रेमानं बाटली देईल. घेऊ नका.

रॉकेल चोळून कातडी भाजते, फोड येतात, खाज दुप्पट. लसणाचं म्हणाल तर जास्त प्रमाणात रोज चारल्यास घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून त्याला पंडुरोग होतो. वाटीभर म्हणजे जास्तच.

राहिली "खोड". उवा, खरजेचे किडे, शाम्पू नीट न धुतला जाणं, हे सगळं तपासून झाल्याशिवाय तो शब्द काढू नये. कोलशेतच्या एका ओळखीच्या घोडीला महिनाभर खोडकर ठरवून शेपूट करकचून बांधली होती. डॉक्टरांनी मागच्या पायांत हात घातला, तर दोन आचळांच्या मधल्या खाचेत बोटभर काळा मळ. घोडीला तिथं खाजवता येत नाही, म्हणून बिचारी हाताशी आहे ते, म्हणजे शेपूट, घासते. कोमट पाण्यानं धुतलं, आठवड्यात थांबली. नराच्या बाबतीत शिश्नावरच्या आवरणात असाच मळ साठतो. आणि घट्ट बांधलेल्या शेपटीचं रक्त अडतं, शिवाय माश्या हाकलायला जनावराकडे दुसरं आहे काय?

परवा तोच मेसेज घोडबंदर रोडच्या एका घोडेवाल्यानं मलाच पाठवला. ज्या रस्त्याच्या नावातच घोडा आहे, तिथून. मी फोन केला.

"दादा, घासते कधी?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"आता बघतो ना," तो म्हणाला. "सात वाजलेत. थांबा, फोन चालू ठेवा."