माझा वाचक त्या बोटीवर नसतो

आज सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीच्या प्रसिद्धीचं काम बघणारा मुलगा होता. आवाज गोड, बोलणं हिंदीत. "मॅडम, शनिवारी आमच्याकडे मोठी एंटरटेनमेंट नाइट आहे. मजकूर पाठवलाय. फक्त मराठीत करून रविवारच्या पुरवणीत लावायचा." मी म्हटलं, कार्यक्रम बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. तो म्हणाला, "बघायची गरजच काय मॅडम, फोटो आहेत ना." वर हेही सांगितलं, "तुमच्या जाहिरात विभागाशी बोलणं झालंय."

बोलणं खरोखरच झालं होतं. रविवारी ज्या जागेवर नाट्यस्पर्धेचं परीक्षण यायचं, तिथे आता हा रंगीत मजकूर जाणार. माझं परीक्षण "वेबवर टाकू", असं मला सांगण्यात आलं. मी वाद घातला नाही. जागेवरून उठले, जिना उतरून खाली आले आणि रस्ता ओलांडून नदीकडे बघत उभी राहिले. तिथेही समोर बोटच.

बावीस वर्षं झाली मला पणजीत कला आणि मनोरंजन या विषयांवर लिहायला लागून. नाटक, भजन स्पर्धा, चित्रप्रदर्शनं, कोकणी रंगभूमीवरचं तियात्र, गाण्याच्या बैठका. आता बाहेरच्या माणसाला पणजी म्हटलं की आधी कॅसिनो आठवतो. पुण्याचा माझा मावसभाऊ दर दिवाळीत न चुकता म्हणतो, "मजा आहे बाई तुझी, गोव्यात एंटरटेनमेंटवर लिहायचं!" आणि पाठोपाठ, "बोटीचा पास मिळेल का गं?" दरवर्षी मी हसून सोडून देते. आज त्याचा फोन आला असता तर फाडकन बोलले असते. अरे, ज्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्या तालुक्यात मी वाढले. मंगेशीला दीनानाथ झाले, अभिषेकीबुवा झाले. आणि तुला गोवा म्हणजे चिप्स आणि पत्ते?

असो. मला सांगायचं होतं कंडक्टर मामांबद्दल.

कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचं माझं पहिलंच परीक्षण. एका परीक्षणाचे तेव्हा दीडशे रुपये मिळायचे आणि पान सुटायच्या आत कॉपी द्यायची म्हणजे प्रयोग संपल्यावर जेमतेम पाऊण तास हातात. एका ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराबद्दल मी लिहिलं: तिसऱ्या अंकात नटाचा आवाज बसला आणि त्याबरोबर प्रसंगही बसला. बस्स, एवढंच एक वाक्य.

पंधरा दिवसांनी पणजी-फोंडा बसमध्ये तिकीट काढताना कंडक्टरने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. सुटे पैसे परत दिले. मग पैशांच्या चामडी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून घडी केलेलं कात्रण काढून माझ्यासमोर धरलं. "बाय, तुमी बरयल्लें तें बरोबर. तिसऱ्या अंकांत म्हजो ताळो बसल्लो." तुम्ही लिहिलंत ते बरोबर, माझा आवाज बसला होता, असं तो कोकणीत म्हणाला. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, आता भर बसमध्ये हा माणूस माझी शोभा करणार. पण तो रागावलेला नव्हताच. त्याला एकच विचारायचं होतं, "मागीर हांवें कितें करपाक जाय?" म्हणजे, मग मी काय करायला हवं?

मी पंचवीस वर्षांची. मला उत्तर माहीत नव्हतं.

सकाळी फोन केलेल्या त्या मुलाला हे कसं समजावून सांगू? परीक्षण कोणीतरी बॅगेच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवतं. सकाळी बसची ड्यूटी, संध्याकाळी तालीम, रात्री अकराला घरी, असा माणूस ते एक वाक्य पंधरा दिवस बाळगतो, कारण त्याच्या कामाकडे कोणीतरी डोळे उघडे ठेवून बघितलेलं असतं. त्या मुलाने मला पाठवलेला मजकूर मी पूर्ण वाचला. "धमाल", "जल्लोष", "अविस्मरणीय रात्र". गाणार कोण, वाजवणार कोण, एकाचंही नाव नाही. बोटीचं नाव मात्र सात वेळा. मी मोजलं.

आता मुद्द्याचं लिहिते, कारण सकाळपासून हेच डोक्यात फिरतंय. १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली. १९९६ मध्ये बोटींना. आज मांडवीत सहा बोटी उभ्या आहेत. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. ती योग्यच आहे, माझा पूर्ण पाठिंबा आहे. दागिने गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत, एक तर आमच्याच वाड्यावरचं. पण मग मला कोणीतरी सांगा, पत्ते वाटायला गोंयकार चालतो, ताटं उचलायला चालतो, स्टेजवर गायला चालतो, आणि त्याच्याच नदीत, त्याच्याच शहरासमोर रोज रात्री जे चालतं त्यात गिऱ्हाईक म्हणून त्याला जागा नाही, तर त्या कार्यक्रमाबद्दल मी माझ्या पेपरात कोणासाठी लिहू? माझा पेपर डिचोलीत वाचला जातो, सावईवेऱ्यात वाचला जातो, काणकोणात वाचला जातो. दिल्लीहून शुक्रवारच्या विमानाने आलेला माणूस माझी पुरवणी उघडत नाही. म्हणजे तो मजकूर वाचकासाठी नाहीच. तो माझ्या वाचकाची जागा विकत घेण्यासाठी आहे.

हे लिहिताना पुन्हा हात थरथरतायत. चहा ठेवते.

आले परत. मघाचा जोर जरा ओसरलाय, म्हणून दुसरी बाजूही लिहून टाकते. हो, बोटी कलाकारांना पैसे देतात, आणि वेळेवर देतात. आमच्या नाटकवाल्यांनी मानधन वेळेवर दिल्याचं मला फारसं आठवत नाही. उत्सवी नाटकांना साथ करणारे एक ऑर्गनवादक माझ्या चांगल्या परिचयाचे. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात नांदीचा सूर त्यांनी धरला की मागच्या रांगेतली गप्पा मारणारी मंडळी आपोआप गप्प व्हायची. ते आता एका बोटीवर कीबोर्ड वाजवतात, रात्री नऊ ते तीन. गेल्या महिन्यात सकाळी बेतीच्या फेरीबोटीवर भेटले. डोळे सुजलेले, हातात पावांची पिशवी. मी विचारलं, ऑर्गन कसा आहे? म्हणाले, "त्यावरचं कापड दोन दिवाळ्या काढलेलं नाही, बाय. पण एक तारखेला पगार होतो." दोन मुली शिकतायत त्यांच्या. मी काय बोलणार? त्यांना नावं ठेवणारी मी कोण? त्यांच्यावर माझा एक कणही राग नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हा माणूस रोज सहा तास वाजवतो आणि त्याने काल बरं वाजवलं की वाईट, हे त्याला सांगणारं या जगात कोणी नाही. समोरच्यांचे डोळे टेबलावर. टाळी पडते ती कोणीतरी जिंकलं म्हणून. देवळाच्या प्रांगणात एखादी जागा चुकली तर सकाळी दुकानावर चार माणसं तोंडावर सांगायची. चुकलं सांगणारी ती चार माणसं, आणि मी पाचवी. एवढंच माझं काम आहे, आणि ते मी जीव लावून केलंय.

कंडक्टर मामांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले. एका वयस्क गायकनटाकडे गेले, ते अंथरुणाला खिळलेले. त्यांनी विचारलं, पहिल्या अंकात तो ओरडतो का? मी आठवून सांगितलं, हो, प्रवेशालाच. ते म्हणाले, मग तिसऱ्या अंकापर्यंत काय शिल्लक राहणार? प्रवेश हलका घ्यायला सांग. शेवटच्या रांगेपर्यंत जायला शब्द स्वच्छ लागतो, आरडाओरड नको. पुढच्या फेरीला बसमध्ये मी हे मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, घंटी मारली आणि पुढच्या प्रवाशाकडे गेले. पुढच्या वर्षी नाटक वेगळं होतं. पहिले दोन अंक हा माणूस इतका शांत बोलला की मला वाटलं, काम पडलं. आणि तिसऱ्यात त्याने आवाज सोडला. कला अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी प्रेक्षक रंगवलेले आहेत, सज्जात बसलेले. त्या रात्री मला ते चित्रातले लोकसुद्धा पुढे वाकल्यासारखे वाटले.

मी त्या रात्री जे लिहिलं त्याचंही कात्रण त्यांनी ठेवलंय. पण बॅगेत ठेवलंय ते जुनंच. का, ते मी कधी विचारलं नाही.

कोणी म्हणेल, पणजीत कलेला काय कमी आहे? इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथेच आहे. डिसेंबरचा सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून. मान्य. इफ्फीच्या रांगांत उभं राहून मी जगाचा सिनेमा शिकले, ते ऋण मी विसरत नाही. पण तेव्हा मुंबई-दिल्लीहून लिहिणारे येतात, चार-सहा दिवस राहतात, फोटो काढून परत जातात. जानेवारीत अस्नोड्याच्या पुढच्या एखाद्या गावात रात्री अकराला पडदा वर जातो आणि पहाटे पाचला पडतो, तिथे कोण जातं लिहायला? कला अकादमी दुरुस्तीसाठी २०२१ पासून नोव्हेंबर २०२३ पर्यंत बंद होती. हौशी संस्था तालमींना जागा शोधत वणवण फिरल्या. कोणी शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम केली, कोणी गॅरेजमध्ये. नदीतल्या बोटींचे दिवे मात्र रोज लागत होते.

मी तेव्हाही लिहिलं, पण फार सौम्य लिहिलं. आज ते मला बोचतंय.

केसरबाईंच्या नावाचा समारोह असतो, तेव्हा मध्यंतरात मी अकादमीच्या मागे जेटीवर जाऊन उभी राहते. आत कोणीतरी तासभर एकच राग मांडलेला असतो, कानात तो घोळत असतो. पाण्यावरून ढम ढम ढम येतं. त्या ढम ढममध्येही आमच्यातलाच कोणीतरी वाजवत असतो, हे आता माहीत असल्यामुळे नुसतं चिडताही येत नाही. पूर्वी यायचं. ते सोपं होतं.

माझ्याबरोबर कामाला लागलेल्या चौघांपैकी कला या विषयावर लिहिणारी मी एकटी उरले. एक जण जाहिरात संस्थेत गेला, एकीने शिकवणी काढली, तिसरा एका बोटीसाठी हेच "धमाल, जल्लोष" लिहितो. चांगलं लिहायचा. त्याचं दशावतारावरचं एक टिपण अजून माझ्याकडे आहे. मलाही दोनदा विचारणा झाली, पगार आत्ताच्या दुप्पट. घरी बोलले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी नाटकासाठी गाय विकली होती, तू नाटक विकू नकोस." बाबांनी गाय खरंच विकली होती, पडद्यांच्या पैशांसाठी. आईने त्यावरून त्यांना आयुष्यभर ऐकवलं. आणि तरी मला ती हे म्हणाली.

संपादकांना मघाशी निरोप पाठवलाय. त्या मजकुरावर माझं नाव घालू नका, मराठीत तो मी करणार नाही, आणि परीक्षणाला निदान अर्धा कॉलम द्या. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही. अर्धा कॉलमही मिळाला नाही तर पूर्ण परीक्षण इथे, याच भिंतीवर टाकेन. ज्यांचं काम आहे त्यांच्यापर्यंत पोचवायला तुम्ही आहात, ते मला वेगळं सांगायला नको.

आज साडेसातला फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग आहे. कंडक्टर मामा निवृत्त झाले, आता काम करत नाहीत, विंगेत पुस्तक धरून उभे असतात. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला: पोरगा नवा आहे, पहिल्या प्रवेशाला ओरडतो, तुम्ही जरा लक्ष ठेवा. साडेपाच वाजलेत. सहाची बस गाठायची आहे.